सार्वत्रिक आरोग्यसेवा : शब्द एक, मोजपट्ट्या तीन

पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्यांकडून एक विषय हमखास ऐकायला मिळतो: "सार्वत्रिक आरोग्यसेवेचा अभ्यास, विशेष संदर्भ परभणी जिल्हा." विषय चांगला आहे. पण शीर्षकात 'विशेष संदर्भ' लिहिलं की जिल्हा अभ्यासात आपोआप येतो असं नाही. आणि 'सार्वत्रिक' हा शब्द तर इतका घसरडा आहे की सिनॉप्सिसच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येणार. म्हणून आज तो शब्द उलगडून बघू आणि मग परभणीवर ठेवून बघू. मी संख्याशास्त्राकडून या विषयाकडे आलेय, त्यामुळे माझा कल मोजण्याकडे जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवातीला तीन गोष्टी वेगळ्या करा: ध्येय, हक्क आणि योजना. पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे ध्येय आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आधीच मांडलं गेलं होतं. सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल १९४६ चा. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ५ जुलै १९४८ ला, म्हणजे आपला अहवाल त्याहून दोन वर्षं जुना. त्यांनी ते केलं, आपण अहवाल जपून ठेवला. नंतर २०११ मध्ये डॉ. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटानं नियोजन आयोगाला पुन्हा एक आराखडा दिला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणानं सांगितलं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे कोविडच्या काळातसुद्धा, तो १.८४ टक्के होता.

हक्काचं तसंच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये सार्वजनिक आरोग्य आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत. १९९६ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी दवाखान्यानं तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. महाराष्ट्रात मात्र मुख्यतः योजना आहेत. योजना शासन निर्णयानं येते, शासन निर्णयानं बदलते. हे राजकीय निरीक्षण आहे, तक्रार नाही. पण तुमच्या प्रबंधात 'हक्क' आणि 'योजना' एकाच अर्थानं आले तर परीक्षक तिथेच थांबेल.

आता मोजण्याकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालात एक चित्र आहे: एक ठोकळा. त्याच्या तीन बाजू म्हणजे तीन प्रश्न. किती लोक आत आले? कोणत्या सेवा आत आल्या? आणि त्या सेवांच्या खर्चातला किती वाटा सामायिक पैशातून गेला, किती रुग्णाच्या खिशातून? कुठलंही सरकार 'सार्वत्रिक' म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा ते पहिल्या बाजूबद्दल बोलत असतं, कारण ती एका निर्णयात भरता येते. उरलेल्या दोन बाजूंना डॉक्टर, नर्स, औषधं आणि दरवर्षीचं बजेट लागतं.

परभणीत पहिली बाजू कशी भरत गेली ते बघा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड होतं. परभणीला ती मिळाली २१ नोव्हेंबर २०१३ ला, उरलेल्या सगळ्या महाराष्ट्राबरोबर. पिवळं आणि केशरी रेशन कार्ड ही तिची अट. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव आलं. तिच्यात शेतकरी आत्महत्यांच्या चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही जागा होती. त्या चौदांत परभणी होता. म्हणजे आपल्याकडचा शेतकरी सार्वत्रिक व्याख्येत पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्याआधी आला. त्याचं कारण मात्र आनंदाचं नव्हतं. मग २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं कार्डाचा रंगच काढून टाकला आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातली सगळी कुटुंबं आत आली, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत.

म्हणजे कागदावर पहिली बाजू शंभर टक्के. मग अभ्यास कशाचा करायचा?

दुसऱ्या बाजूचा. योजना मुख्यतः भरती होऊन घेतलेल्या उपचारांची आहे. यादीतली शस्त्रक्रिया किंवा उपचार हवा, अंगीकृत रुग्णालय हवं, तिथं आरोग्यमित्राकडे नोंद व्हायला हवी. घरी सोडल्यावर ठरावीक दिवसांची औषधं मिळतात. पण दर महिन्याची बीपी-शुगरची गोळी, लेकराचा ताप, गावातल्या डॉक्टरकडची सुई-सलाईन यांचा त्यात समावेश नाही. त्यासाठी सरकारी ओपीडी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या संस्थांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट उपचार मोफत झाले. निर्णय चांगलाच आहे. पण प्रश्न दोन उरतात: दवाखाना किती जवळ आहे, आणि गेल्यावर गोळी आहे का.

पहिल्याचा अंदाज तुम्ही अर्ध्या तासात काढू शकता. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६. त्यातले साधारण ६९ टक्के ग्रामीण, म्हणजे पावणेतेरा लाखांच्या आसपास. सपाट भागाचा निकष ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० मागे एक उपकेंद्र. भागाकार केला की ४२ केंद्रं आणि अडीचशेच्या वर उपकेंद्रं येतात. आता अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' उघडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहा. मग नऊही तालुक्यांसाठी तेच करा. परभणी तालुक्याचं गणित आणि पालम-सोनपेठचं गणित वेगळं येतं की नाही, हे पाहणं हेच तुमच्या प्रबंधाचं पहिलं टेबल. (लोकसंख्या २०११ ची आहे, हे टेबलाखाली ठळक लिहा.)

तिसरी बाजू, म्हणजे खिशातला खर्च. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते.

शाश्वत विकास उद्दिष्टांसोबत जी मोजपट्टी रूढ झाली ती अशी: घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त (किंवा कडक मोजायचं तर २५ टक्क्यांहून जास्त) रक्कम उपचारावर स्वतःच्या खिशातून गेली, तर तो 'आपत्तीजनक आरोग्यखर्च'. आता तीन घरं कल्पनेनं घ्या, सगळ्यांचा वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये. उंबरठा आला १२,०००.

पहिल्या घरातली आई महिन्याला बाराशेची औषधं घेते. वर्षाचे १४,४००. हे घर आपत्तीत. दुसऱ्या घरात तोच आजार, तीच औषधं. पण तीन महिन्यांनी परवडेना म्हणून गोळ्या बंद केल्या. खर्च ३,६००. हे घर आकडेवारीत सुरक्षित! तिसऱ्या घरात योजनेतून शस्त्रक्रिया पूर्ण मोफत झाली, उपचाराचा खर्च शून्य. पण नांदेडला दोन माणसांचे हेलपाटे, सोबतच्याचं जेवण आणि वीस दिवसांची बुडालेली मजुरी मिळून १५,००० गेले. हेही घर सुरक्षित, कारण मोजपट्टी उपचाराचाच पैसा मोजते.

दुसरं घर नीट बघा. त्या घरानं उपचार सोडले म्हणून ते सुरक्षित दिसतं. म्हणजे एखाद्या तालुक्यात आपत्तीजनक खर्च कमी निघाला तर दोन अर्थ संभवतात: सरकारी सेवा चांगली आहे, किंवा लोक दवाखान्यात जाणंच टाळतायत. नुसता आकडा यातलं काय खरं ते सांगू शकत नाही. राष्ट्रीय पातळीवरही हेच आहे. आरोग्य लेख्यानुसार एकूण आरोग्यखर्चात खिशातल्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला. घट मोठी आहे आणि सरकारी खर्च वाढला हे त्यामागचं खरं कारण आहेच. तरी वाटा हे गुणोत्तर आहे. न घेतलेला उपचार त्यात ना अंशात येतो ना छेदात. म्हणून आपत्तीजनक खर्चाशेजारी 'गरज असूनही उपचार घेतला नाही' हा स्तंभ नसेल, तर माझ्या मते ते टेबल छापूच नये.

आता या विषयातला सगळ्यात मोहात पाडणारा भाग. नांदेडला योजना जुलै २०१२ मध्ये मिळाली, शेजारच्या परभणीला नोव्हेंबर २०१३ मध्ये. मधले सोळा-सतरा महिने एका जिल्ह्यात योजना आहे, दुसऱ्यात नाही. पीक तेच, पाऊस जवळपास तोच, बोली तीच. संशोधनपद्धती शिकलेल्या कुणालाही इथे लगेच 'डिफरन्स-इन-डिफरन्सेस' आठवेल: नांदेडमध्ये आधी आणि नंतर किती फरक पडला, परभणीत तेवढ्याच काळात किती पडला, आणि या दोन फरकांतला फरक म्हणजे योजनेचा परिणाम. कल्पना सुरेख आहे. पण करायला बसलात की तीन अडचणी येतात.

पहिली, निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतं. परभणीचं २०२३ मध्ये सुरू झालं. म्हणजे दोन जिल्हे योजनेआधीही सारखे नव्हते. दुसरी, माहितीच्या तारखा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आरोग्यावरच्या फेऱ्या २००४, २०१४ आणि २०१७-१८ च्या. २०१४ ची फेरी जानेवारीत सुरू झाली तेव्हा परभणीतही योजना येऊन दीड महिना झाला होता. आपल्याला हवी ती खिडकी नेमकी बंद! एक फट मात्र आहे: कर्ज आणि गुंतवणुकीवरची सत्तरावी फेरी. तिच्यात ३० जून २०१२ या दिवशी घरावर किती कर्ज होतं ते विचारलंय, म्हणजे नांदेडात योजना सुरू व्हायच्या दोनच दिवस आधीचं. कर्ज कशासाठी काढलं याच्या पर्यायांत वैद्यकीय उपचारही आहे. 'आधी'चं चित्र म्हणून हे हाताशी ठेवा.

तिसरी अडचण नमुन्याच्या आकाराची. या पाहण्या राज्यासाठी, फार तर विभागासाठी आखलेल्या असतात. मराठवाडा त्यांच्या भाषेत 'इनलँड सेंट्रल'. युनिट लेव्हल माहितीत परभणीचा कोड सापडतो, म्हणून परभणीची टक्केवारी काढायचा मोह होतो. काढलीत तर सोबत विश्वास मर्यादा काढा, आणि ती १२ ते ४१ अशी काहीतरी आली तर नवल करू नका. जिल्हा पातळीचे आकडे हवेत तर एनएफएचएसचं जिल्हा पत्रक आहे, पण त्यातला प्रश्न 'घरातल्या कुणाला आरोग्यविमा किंवा योजना आहे का' असा आहे. १ जुलै २०२४ नंतर या प्रश्नाचं कायद्यानं उत्तर सगळ्यांसाठी 'हो' आहे. तरी कुणी 'नाही' म्हटलं, तर चूक उत्तर म्हणून ते खोडू नका. आपण आत आहोत हेच त्या माणसाला ठाऊक नाही, आणि तो तुमचा निष्कर्ष आहे.

तुलनेला परदेश घ्यायचाच असेल तर ब्रिटनपेक्षा थायलंड बघा. त्यांनी २००२ मध्ये सार्वत्रिक सेवा कायद्यानं आणली तेव्हा तो श्रीमंत देश नव्हता. त्यांनी माणसाची नोंद घराजवळच्या दवाखान्याच्या गटाशी जोडली आणि त्या गटाला बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसांच्या संख्येप्रमाणे पैसे दिले. म्हणजे पैसा रोजच्या आजारापासून सुरू झाला. आपला शस्त्रक्रियेपासून सुरू झाला. कोणता क्रम बरा, यावर माझं मत थायलंडच्या बाजूचं आहे, पण हृदयाची शस्त्रक्रिया फुकट झालेल्या घराला विचारलंत तर ते दुसरं सांगेल, आणि तेही खरंच असेल.

परभणीत आत्ता एक प्रश्न पीएच.डी.साठी मोकळा पडलाय असं मला वाटतं. ऑगस्ट २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचा. त्याच वर्षी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि ते खातं वैद्यकीय शिक्षणाचं. जिल्ह्याच्या गावात रुग्णाला दार एकच दिसतं, 'सरकारी दवाखाना'. दारामागे खाती दोन. कोणत्या खिडकीवर कोणता नियम लागतो, औषध खरेदी कोण करतं, रुग्णाला बाहेरून किती आणायला लागतं, याची नोंद महिनोन्‌महिने कुणीतरी करायला हवी. परवानगी दोन्ही खात्यांची लागेल आणि नैतिकता समितीची मंजुरी लागेल. त्यासाठी वेळापत्रकात सहा महिने वेगळे ठेवा.

आणि प्रश्नावली बनवताना एक करा. 'उपचारासाठी कर्ज घेतलं का?' हा एकच प्रश्न ठेवू नका. आपल्याकडे त्यावर 'नाही' येतं, कारण कर्ज म्हणजे बँकेचं किंवा सावकाराचं. त्याऐवजी वेगवेगळं विचारा: कुणाकडून हातउसने घेतले का? मुकादमाकडून उचल घेतली का? दागिना मोडला का? जनावर विकलं का? शेवटी विचारा, डॉक्टरनं सांगितलेलं काही राहून गेलं का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तरासाठी रकाना आखू नका, चार रिकाम्या ओळी सोडा.