कळमन्याला माल न्यायला कोणती पिकअप घ्यावी?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गट ऑफिसात एक विषय हमखास निघतो. चिठ्ठी न्यायला आलेला सभासद जाता जाता विचारतो, "साहेब, लहान गाडी घ्यावी म्हणतो. कोणती बरी?" हा प्रश्न ऊस नेण्याचा नाही. उसाला बैलगाडी आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली आहे, ट्रक आहे. प्रश्न आहे तो उसासोबत वावरात निघणाऱ्या बाकीच्या मालाचा. कोणाची वांगी-टमाटर आहेत, कोणाची मिरची, कोणाकडे संत्र्याची बाग. हा सगळा माल शेवटी नागपूरला, कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू बाजार आवारात जातो, आणि तोही भल्या पहाटे. भाड्याचा टेंपो वेळेवर आला नाही तर लिलाव निघून जातो आणि मागाहून गेलेला माल पडेल भावाने द्यावा लागतो. म्हणून स्वतःची गाडी असावी असे वाटणे साहजिक आहे. पण पाच-सात लाखांची वस्तू शेजाऱ्याने घेतली म्हणून घ्यायची नसते. यासाठी काय काय पाहावे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पूर्वी निवड करायला फारसे काही नव्हतेच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेंपो कंपनीची तीन चाकांची गाडी निघे, तिच्या नावावरूनच आपण हरेक लहान मालवाहू गाडीला टेंपो म्हणू लागलो. पुढे त्यांचीच मेटाडोर आली. १९८६ साली टाटांची ४०७ आली. पण एका शेतकऱ्याला स्वतःच्या मालापुरती परवडेल अशी चारचाकी २००५ साली आली, ती टाटा एस, म्हणजे आपला 'छोटा हाथी'. दोन सिलिंडरचे ७०२ सी.सी.चे डिझेल इंजिन, ताकद अवघी १६ अश्वशक्ती, आणि माल पाऊण टन. त्यानंतर २०११ मध्ये अशोक लेलँडची दोस्त, २०१५ मध्ये महिंद्राची जीतो आणि सुप्रो, २०१६ मध्ये मारुतीची सुपर कॅरी, २०१९ मध्ये टाटा इंट्रा, २०२४ मध्ये महिंद्रा व्हीरो, अशी रांग लागली. बोलेरो पिकअप तर आधीपासून आहेच. आज एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले की माणूस गोंधळतो, कारण जो तो आपल्याच गाडीचे वजन, लांबी, अश्वशक्ती आणि अ‍ॅव्हरेज सांगतो.

आमच्या मते सुरुवात गाडीपासून करू नये, आपल्या मालापासून करावी. एक उदाहरण घेऊ. ६०० मिलिमीटर लांब आणि ४०० रुंद हे क्रेटचे नेहमीचे माप. एस गोल्डचा हौदा २२०० मिलिमीटर लांब आणि १४९० रुंद आहे, म्हणजे साधारण सव्वासात फूट बाय पाच फूट. त्यात क्रेटची एक ओळ आडवी आणि दोन ओळी उभ्या लावल्या तर एका थरात अकरा क्रेट बसतात. क्रेटमध्ये वीस किलो संत्री आणि क्रेटचे स्वतःचे दोन किलो धरले तर बावीस किलो झाले. तीन थरांचे तेहेतीस क्रेट म्हणजे ७२६ किलो. या गाडीची माल नेण्याची क्षमता ७५० किलो. म्हणजे संत्र्याचे तीन थर झाले की गाडी भरली, मग वर कितीही जागा दिसो. चौथा थर चढवला की ९६८ किलो होतात आणि आपण दोनशे किलोच्या वर जास्त भरले. कळमन्याच्या गेटवर असे चार आणि पाच थर रोज दिसतात, ही गोष्ट निराळी.

आता त्याच गाडीत सांबार भरून पाहा. जुड्यांनी हौदा शिगोशीग भरेल, पण काट्यावर गाडी निम्मीसुद्धा भरणार नाही. वाळलेल्या मिरचीचेही थोडेफार तसेच. तेव्हा ज्याचा माल फळे, कांदे, बटाटे असा जड आहे त्याने वजनाची क्षमता पाहावी, आणि ज्याचा माल पालेभाजी, फुले, मिरची असा फुगीर आहे त्याने हौद्याची लांबी पाहावी. दोघांची गाडी एकच असेल असे नाही. इंट्रा व्ही-३० ची क्षमता १३०० किलो आणि हौदा पावणेनऊ फुटांच्या आसपास, तर बोलेरो मॅक्सच्या मोठ्या मॉडेलची क्षमता दोन टन आणि हौदा दहा फूट. ठिबकचे वीस फुटी पाईप मात्र यांतल्या एकाही गाडीत बसत नाहीत, त्यासाठी मोठी गाडी घेऊ नये. ते काम वर्षातून एकदाच निघते.

वजनाबद्दल आणखी एक गोष्ट. विक्रेता सांगतो तो आकडा ऐकून घ्यावा, पण हिशेब आर.सी. पुस्तकावरून करावा. पुस्तकात गाडीचे भरलेले एकूण वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरते त्यात माल तर आलाच, पण ताडपत्री, दोर, रिकामे क्रेट आणि कॅबिनमध्ये बसलेली माणसेही आली. नंतर फॅब्रिकेशनवाल्याकडून लोखंडी जाळीचा पिंजरा बसवला तर त्याचेही शे-दीडशे किलो त्यातूनच जातात. सी.एन.जी.ची टाकी असेल तर तीही वजन खाते. मारुती सुपर कॅरीची पेट्रोल गाडी ७४० किलो नेते, तीच सी.एन.जी.ची ६२५ किलो नेते. म्हणजे खेपेमागे पाच क्रेट कमी.

इंधनाचा विचार असा. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे सी.एन.जी. घ्या म्हणतात. त्यांच्याकडे ते परवडते, पण आपल्याकडे पंप कोठे आहे आणि भाव काय आहे ते आधी पाहावे. मार्च २०२२ मध्ये नागपूरला सी.एन.जी. किलोला १२० रुपयांवर गेला होता आणि तो देशात सर्वांत महाग असल्याच्या बातम्या आल्या होत्या. गाडी घेण्याच्या आठवड्यात पंपावर जाऊन भाव आणि रांग दोन्ही पाहून यावे. पेट्रोल गाडी घ्यायला स्वस्त, आवाज कमी, देखभाल सोपी, पण भरलेल्या गाडीला पेट्रोल जास्त लागते. ज्याच्या महिन्याला सहा-आठच खेपा आहेत त्याला ती चालते. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्याला डिझेल बरे.

मात्र डिझेलमध्येही आता पूर्वीचा सरळपणा राहिला नाही. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा इंजिने आली. यांतल्या बहुतेक डिझेल गाड्यांना धुराड्यात डी.पी.एफ. नावाची काजळी अडवणारी गाळणी असते. गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटे सलग वेगात चालली तर इंजिन ही काजळी आपोआप जाळून टाकते. पण गाडी नुसती घर ते वावर, वावर ते गाव अशी दोन-दोन किलोमीटर फिरत राहिली तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपची वाट धरावी लागते. भंडारा रस्त्याने किंवा उमरेड रस्त्याने आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरला जाणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. विजेवरची टाटा एस २०२२ साली आली. कंपनीने तिची चाचणीत पल्ला १५४ किलोमीटर आणि क्षमता ६०० किलो सांगितली आहे. भरल्या गाडीने, उन्हाळ्यात, पल्ला त्याहून कमी धरावा. शिवाय आपल्या गावात रात्रीची वीज कशी असते ते आम्ही सांगायची गरज नाही.

चाकांकडे कोणी पाहत नाही, पण आपल्या काळ्या मातीत चाकच महत्त्वाचे. एसला बारा इंची चाके आहेत, इंट्रा व्ही-३० ला चौदा इंची. पांदणीला पाऊस पडल्यावर बारा इंची चाक चाकोरीत बसले की गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला टेकते. ज्याचे वावर डांबरी रस्त्याला लागून आहे त्याने लहान चाकाची गाडी खुशाल घ्यावी, शहरात ती सोयीची पडते आणि बाजारच्या गर्दीत वळतेही चटकन. ज्याला दीड किलोमीटर पांदण तुडवायची आहे त्याने मोठे चाक आणि जमिनीपासूनची उंची पाहावी. आणि चाचणी फेरी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर रिकाम्या गाडीने घेऊ नये. भरलेली डेमो गाडी मागावी. देत नसतील तर ज्याने ती गाडी वर्षभर वापरली आहे अशा गाडीवाल्यासोबत कळमन्याला एक खेप जाऊन यावे. उड्डाणपुलाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कशी ओढते आणि उतारावर ब्रेक कसा लागतो, हे तेथे समजते.

कागदपत्रांचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. भरलेले एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. एस, सुपर कॅरी, इंट्रा व्ही-३० या मर्यादेत बसतात. दोन टन माल नेणारी गाडी बसत नाही, तिला परमिट घ्यावे लागते. लायसन्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला आहे की ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर चालवता येते. फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. क्षमतेहून जास्त माल सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड २०,००० रुपये आणि वर जादा टनामागे २,००० रुपये, शिवाय जादा माल तेथेच उतरवावा लागतो. पहाटे चार वाजता रस्त्याच्या कडेला टमाटर उतरवण्याची कल्पना करून पाहावी.

विम्याचा खर्च पुष्कळांच्या हिशेबात नसतो. पिवळ्या पाटीच्या गाडीचा विमा घरच्या कारसारखा नसतो. जून २०२२ मध्ये लागू झालेल्या दरपत्रकात भाड्याने माल नेणाऱ्या ७५०० किलोपर्यंतच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ता १६,०४९ रुपये होता आणि तो छोट्या हाथीला व सात टनी गाडीला सारखाच होता. फक्त स्वतःचा माल नेणाऱ्या खासगी वाहकासाठी दर कमी आहे, त्याची चौकशी जरूर करावी.

आणि येथे एक गोष्ट जरा ठासून सांगतो. गाडी आली की मजूर वावरात नेणे, लग्नाचे वऱ्हाड नेणे, देवाला जाणे सुरू होते. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत बसला असेल तर विमा त्याला लागू होतो. फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी कायद्याने बांधील नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणातच स्पष्ट केले आहे. गाडी उलटली तर ती रक्कम मालकाच्या सात-बाऱ्यावर येते.

आता पैशाचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला, म्हणून जुने दरपत्रक धरू नये. समजा गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख लागले आणि पाच लाख कर्ज काढले. दहा टक्के घटत्या शिलकेने पाच वर्षांचा महिन्याचा हप्ता सुमारे १०,६२४ रुपये पडतो. फायनान्सवाला मात्र सांगतो, "फक्त सात टक्के फ्लॅट." ऐकायला स्वस्त वाटते. पण त्यात व्याज पाचही वर्षे पूर्ण पाच लाखांवर धरतात, ते पावणेदोन लाख होते आणि हप्ता ११,२५० पडतो. घटत्या शिलकेने तो दर साडेबारा टक्के होतो. तेव्हा टक्का विचारू नये, हप्ता आणि एकूण भरणा विचारावा.

पुढे असे धरा की हप्त्याचे वर्षाला सव्वा लाखाच्या वर, विमा, टायर, दुरुस्ती मिळून पन्नास हजार, म्हणजे एक लाख ऐंशी हजारांच्या घरात खर्च गाडी उभी असली तरी होतो. भाड्याच्या खेपेला दोन हजार जात असतील आणि स्वतःच्या गाडीला इंधन पाचशेचे लागत असेल, तर खेपेमागे दीड हजार वाचतात. एक लाख ऐंशी हजाराला दीड हजाराने भागले की एकशे वीस खेपा. वर्षाला एकशे वीस खेपा ज्याच्या आहेत त्याने गाडी घ्यावी. ज्याच्या चाळीस आहेत त्याला भाड्याचा टेंपोच स्वस्त. आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत, रीत तीच.

चाळीस-चाळीस खेपांचे तीन सभासद एका गावात असतील तर त्यांनी मिळून एक घ्यावी, हे आम्हांस जास्त पटते. गाडी एकाच्याच नावावर होईल, म्हणून बाजाराचे वार, डिझेल, दुरुस्ती आणि एकाने सोडले तर किती द्यायचे, हे स्टँपपेपरवर आधी लिहून काढावे. हप्ता दरमहा येतो, उसाचे बिल मात्र हंगामात येते. जून ते ऑक्टोबर हातात पैसा नसतो आणि हप्ते तुंबले की गाडी ओढून नेतात. ट्रॅक्टरप्रमाणे सहामाही हप्ता बसतो का, हे बँकेला विचारावे. नाहीच बसला तर बिल जमा होताच पाच महिन्यांचे हप्ते निराळ्या खात्यात ठेवावेत.

गाडी ताब्यात घेताना चेसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना व साल पाहावे. मागच्या सालची असेल तर सूट मागावी. पिंजरा बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर एकदा, धर्मकाट्यावर रिकामी गाडी तोलून घ्यावी आणि दोन्ही पावत्या आर.सी. पुस्तकासोबत ठेवाव्यात.