बिऱ्हाड हलवता येईल का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्विअर डॉट एएफ' हा मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाच्या जाळ्यातला छोटा सर्व्हर अचानक दिसेनासा झाला. 'डॉट एएफ' हे अफगाणिस्तानचं राष्ट्रीय डोमेन. ते तालिबान सरकारच्या ताब्यात आहे आणि त्या सरकारने हा पत्ताच निलंबित केला. घर जागेवर होतं, पण घराकडे जाणारा रस्ता नाहीसा झाला.

'आमच्याकडे कुणी एक मालक नाही' असं सांगणाऱ्या प्रत्येक अ‍ॅपला मी म्हणूनच एक प्रश्न विचारतो: इथून निघायचं झालं, तर सोबत काय नेता येईल?

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झालं, तेव्हा निषेध म्हणून अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. ट्विटरवर वर्षानुवर्षं जोडलेली माणसं मात्र मागेच राहिली, कारण ती यादी कंपनीच्या वहीत होती.

जर्मनीतल्या ऑयगेन रोचको यांनी २०१६ मध्ये आणलेलं मॅस्टोडॉन ईमेलसारखं चालतं. सर्व्हर वेगवेगळे, चालवणारे वेगवेगळे, पण 'अ‍ॅक्टिव्हिटीपब' ही भाषा सगळ्यांची एक. ही भाषा २०१८ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या 'डब्ल्यूथ्रीसी'ने अधिकृत केली. इथे खातं एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतं आणि अनुयायीही मागोमाग येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. शिवाय, हलताना जुना सर्व्हर जिवंत लागतो, कारण 'हा माणूस आता तिकडे राहतो' असं त्यालाच इतरांना कळवावं लागतं. तोच गप्प झाला, तर बिऱ्हाड हलणार कसं?

ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमाच्या रचनाकारांनी नेमकी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. तिथे माणसाची ओळख आणि सर्व्हरचा पत्ता या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. प्रत्येक खात्याला एक कायमचा ओळख-क्रमांक असतो, आणि सध्या मजकूर कुठल्या सर्व्हरवर आहे हे त्यापुढे नोंदलेलं असतं. आधीपासून स्वतःची चावी, म्हणजे खातं आपलंच असल्याचं सिद्ध करणारा गुप्त संकेत, आणि मजकुराची प्रत जवळ ठेवली असेल, तर जुना सर्व्हर बुडाला तरी नव्या जागी सगळं मांडता येतं. कल्पना उत्तम आहे. पण बहुतेकांची खाती आजही ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. दार आहे आणि ते उघडतंही, पण कुठे आहे ते फार थोड्यांना माहीत आहे.

नॉस्टर हे तिसरं जाळं त्याही पुढे जातं. तिथे खातं कुठल्याच सर्व्हरचं नसतं. गणिताने जोडलेल्या दोन चाव्या, एक जाहीर आणि एक गुप्त, हीच ओळख. कुणी ती काढून घेऊ शकत नाही. मात्र गुप्त चावी हरवली तर ती परत मिळवून देणारंही कुणी नाही, आणि ती चोरीला गेली तर चोर तुमच्याच नावाने बोलू लागतो. स्वायत्ततेचं एवढं ओझं सामान्य माणसाच्या डोक्यावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं. चावी हरवली तर विश्वासातल्या दोन-तीन माणसांच्या मदतीने खातं परत मिळवण्याची सोय रचनेतच हवी.

आणि बाहेर पडण्याचं दार सेटिंगच्या सातव्या पानावर नको, पहिल्याच पानावर हवं. अ‍ॅप बनवणाऱ्यांकडे ही मागणी आपणच करायला हवी. तोवर, आज ज्या अ‍ॅपवर आहात तिथली तुमची माहिती या रविवारी उतरवून स्वतःजवळ ठेवा.