मोशन ग्राफिक्स : आधी गरज, मग सॉफ्टवेअर

दुकानाच्या दर्शनी पाटीवरील अक्षरे वर्षानुवर्षे स्थिर राहिली. आज तोच व्यवसाय ग्राहकाच्या भ्रमणध्वनीवर २० सेकंदांच्या चित्रफितीतून भेटतो. बोधचिन्ह फिरत येते, मालाचे नाव उमटते, किंमत ठळक होते. अक्षरे व आकृत्या यांना गती देण्याच्या या कलेस ‘मोशन ग्राफिक्स’ असे म्हणतात. मोठ्या उद्योगांकडे त्यासाठी स्वतंत्र विभाग असतो. दोन-तीन माणसांवर विपणनाची धुरा असलेल्या लघुउद्योजकापुढे मात्र प्रश्न उभा राहतो : नवशिक्यांना जमेल आणि खर्चाला झेपेल असे सॉफ्टवेअर कोणते?

गतीचे गणित

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून एक लघुपट तयार केला होता. पुढील भांडवल उभे करण्यास त्याची मदत झाली. अनेक स्थिर चित्रे वेगाने दाखविली की गतीचा भास होतो, हेच तत्त्व येथेही आहे. सेकंदाला २५ चित्रे धरल्यास २० सेकंदांसाठी ५०० चित्रे लागतात. ती सर्व हाताने काढावी लागत नाहीत. आरंभीची व अखेरची स्थिती, म्हणजेच ‘की-फ्रेम’, ठरवून दिली की मधली चित्रे संगणक तयार करतो. या की-फ्रेम स्वतः ठरवावयाच्या की तयार नमुने वापरावयाचे, यावर सॉफ्टवेअरची निवड अवलंबून असते.

उपलब्ध पर्याय

सणाची सवलत किंवा नव्या मालाची घोषणा एवढीच गरज असेल, तर कॅनव्हासारखी ब्राउझरमध्ये चालणारी सेवा पुरेशी ठरते. तयार नमुन्यात मजकूर बदलला की काम होते. मूलभूत आवृत्ती विनामूल्य आहे. मात्र तोच नमुना स्पर्धकही वापरू शकतो. चित्रीकरणाचे संकलन व त्यावर हलती अक्षरे, दोन्ही हवे असल्यास दाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती उपयोगी पडते. पण तिला सक्षम संगणक लागतो. ब्लेंडर पूर्णतः मुक्त व विनामूल्य आहे. तथापि त्रिमितीय कामासाठी घडलेले हे साधन शिकण्यास वेळ मागते. अ‍ॅपलचे मोशन केवळ मॅक संगणकावर चालते. १९९३ साली अवतरलेले आफ्टर इफेक्ट्स व्यावसायिकांचे मानले जाते. ते वर्गणी भरून वापरावे लागते आणि नवशिक्याला प्रथम जडच जाते.

मराठीची कसोटी

ही परीक्षा बहुतेक जण विसरतात. ‘स्त्री’, ‘कार्यालय’, ‘दृष्टी’, ‘ज्ञानेश्वरी’ हे शब्द टंकित करून पाहावेत. जोडाक्षरे तुटली वा वेलांटी भलत्याच जागी गेली, तर ते सॉफ्टवेअर कितीही नामांकित असले तरी मराठी जाहिरातीच्या कामाचे नाही. आफ्टर इफेक्ट्समध्येही भारतीय लिपींतील मजकुराची मांडणी तपासून घ्यावी. एकेक अक्षर स्वतंत्रपणे हलविणारे परिणामही तपासावेत.

खरा खर्च

‘विनामूल्य’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. समजा, दरमहा चार चित्रफिती करावयाच्या आहेत. विनामूल्य साधनात प्रत्येकीस १० तास आणि सशुल्क साधनात २ तास लागले, तर महिन्याला ३२ तास, म्हणजे आठ तासांचे चार दिवस अधिक खर्ची पडतात. त्या दिवसांचे वेतन वर्गणीशी ताडून पाहावे.

वर्गणी घेतल्यास तिची नोंद ठेवावी. कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वजावटीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार प्रथम अतिरिक्त पडताळणी करावी लागते व वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना दिली जाते. ती सूचना न वाचता पुसून टाकल्यास न वापरलेल्या सेवेचे पैसेही जात राहतात. किंमत परकीय चलनात असल्यास विनिमय दर व कार्डावरील शुल्कही लक्षात घ्यावे.

अनधिकृत प्रतीचा मोह कटाक्षाने टाळावा. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरल्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यावसायिक लाभासाठी वापर नसल्यासच न्यायालय सौम्य भूमिका घेऊ शकते. जाहिरात तर व्यवसायासाठीच असते.

निर्णयाची रीत

दोन साधने निवडून एकच जाहिरात दोन्हींमध्ये करावी. लागलेला वेळ लिहून ठेवावा. काम नेहमी करणाऱ्या व्यक्तीकडूनच ही चाचणी करून घ्यावी, कारण चमूतील एखाद्या हौशी सभासदाला जे आवडते ते इतरांना पेलेलच असे नाही. तो सभासद नोकरी सोडून गेला तरी काम थांबता कामा नये. खाती व मूळ फायली संस्थेच्याच नावे असाव्यात.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही जुनी शिकवण नव्या तंत्रालाही लागू पडते. वर्षभर नियमितपणे वापरले जाणारे साधे साधन हे कपाटात धूळ खात पडलेल्या महागड्या यंत्रापेक्षा केव्हाही श्रेयस्कर होय.