धावताना दम लागतो, म्हणजे फुप्फुसे कच्ची?

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा गेल्या आठवड्यात वडिलांबरोबर दवाखान्यात आला. १६०० मीटर धावताना शेवटी छाती फुटायची वेळ येते, म्हणाला. वडिलांचा निकाल तयार होता. "डॉक्टर, याची फुप्फुसंच कच्ची. पळणं बंद करायला सांगा." कोरोनाच्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटरही त्यांनी सोबत आणला होता. गंमत म्हणजे, पळून आल्या-आल्याही त्यावर ९७ दिसत असे! रक्तात प्राणवायू भरपूर होता. मग दम कशाचा?

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना तरुण माणसात हेच प्रमाण शंभर लिटरपर्यंत जाते. निरोगी फुप्फुसे हा भार सहज पेलतात. आधी कमी पडते ते हृदय, रक्त पुरवता पुरवता. मग स्नायूंत लॅक्टिक अॅसिड साचते, रक्तातील आम्लता वाढते आणि जादा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्यासाठी मेंदू श्वास वाढवतो. हाच तो दम. सरावाने फुप्फुसे काही मोठी होत नाहीत. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि स्नायू प्राणवायू अधिक वापरू लागतात.

इथवर सारे ठीक होते. पण मी सहज विचारले, "जास्त त्रास कधी होतो?" "थांबल्यावर, सर. खोकला येतो, छातीत शिट्टी वाजते." मी कान टवकारले. त्याला पीक फ्लो मीटरमध्ये फुंकायला लावले, आकडा आला ५२०. मग दवाखान्यामागच्या मैदानावर सहा-सात मिनिटे पळवले आणि दहा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावले. ४१०!

व्यायामाने चाळवणारा हा दमा. पहाटेची थंड, कोरडी हवा तोंडावाटे भराभर आत गेली, की श्वासनलिकांचे अस्तर सुकते आणि नलिका आवळतात. तासाभरात त्या आपोआप मोकळ्या होतात. त्यामुळे रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोचतो तेव्हा छाती स्वच्छ असते आणि दोष 'स्टॅमिना'वर जातो.

पंपाचे नाव काढताच वडील दचकले. "सवय लागेल!" सवय लागत नाही हो. जे औषध गोळीत ४ मिलिग्रॅम असते, ते पंपाच्या एका फवाऱ्यात ०.१ मिलिग्रॅम असते आणि नेमके श्वासनलिकेत जाते. मात्र कोणता पंप, कधी, किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे. मित्राचा उसना घेऊ नये. धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटे हळूहळू अंग तापवावे, थंडीत नाका-तोंडावर रुमाल बांधावा.

धावताना छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र ताबडतोब थांबावे आणि आधी हृदय तपासून घ्यावे. या मुलात तसे काही नव्हते. त्याचे पळणे मी बंद केलेले नाही.