घेण्याचें शिक्षण

परोपकारासाठीं परमुलुखांत जाणाऱ्या मनुष्याच्या मनांत 'आपण कांहीं देण्यासाठीं जात आहों' ही भावना प्रबळ असते, आणि तींत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु पश्चिम आफ्रिकेंतील सेनेगाल देशांत एखाद्या कुटुंबांत राहून काम करणाऱ्या परदेशी स्वयंसेवकाचा दिनक्रम पाहिला, म्हणजे असें दिसून येतें कीं, देण्याची पाळी त्याच्यावर फार उशिरां येते. तत्पूर्वीं कित्येक महिने त्याला घेण्यासच शिकावें लागतें.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनीं १९६१ सालीं 'पीस कोअर' ही संस्था स्थापन केली, आणि १९६३ पासून तिचे स्वयंसेवक सेनेगालांत जाऊं लागले. शेती, आरोग्य, लहान उद्योगधंदे हीं त्यांचीं कामाचीं क्षेत्रें. मुदत सामान्यतः २७ महिन्यांची; पैकीं सुमारें ३ महिने शिक्षणाचे व उरलेलीं २ वर्षें प्रत्यक्ष कामाचीं. खेड्यांत नेमणूक झालेल्या स्वयंसेवकास बहुधा एखाद्या कुटुंबाच्या आवारांतच एक खोली मिळते. आवार म्हणजे एका कुंपणाच्या आंत नांदणारें दोनतीन पिढ्यांचें खटलें: आजी-आजोबा, मुलगे, सुना, नातवंडें आणि शिक्षणासाठीं येऊन राहिलेला एखादा भाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें चित्र मुळींच परकें वाटणार नाहीं.

पहिल्या थोड्याच दिवसांत पाहुण्याचें बारसें होतें. तेथील वोलोफ लोकांत मुलाचें नांव जन्मानंतर आठवड्यानें थाटानें ठेवितात. हें पंचविशींतलें बाळ मात्र घरीं येतांच नांव पावतें. तें पुष्कळदां घरांतील एखाद्या वडील माणसाचेंच असतें, आणि आडनांव अर्थात् कुटुंबाचें. ह्या आडनांवाचा उपयोग मोठा आहे. न्जाय आडनांवाच्या माणसानें जोप आडनांवाच्या माणसास भेटतांच खादाड म्हणून चिडवावें व त्यानेंहि तोच आहेर परत करावा, अशी तेथें पिढीजात रीत आहे. बाजारांतील अनोळखी भाजीवाली आडनांव विचारून अशी थट्टा करूं लागली, कीं स्वयंसेवकानें समजावें, आपण माणसांच्या गणतींत आलों!

पहाटे जाग येते ती मुसळाच्या आवाजानें. सुना व मुली उखळांत बाजरी कांडीत असतात. ही बाजरी मूळची सहाराच्या दक्षिणेकडील ह्याच पट्ट्यांतली. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं तेथें तिची लागवड सुरू झाली व पुढें ती आपल्या देशांत आली. आपल्या घरची भाकरीहि अशी ह्या लोकांच्या पूर्वजांची ऋणी आहे.

त्यानंतर कुशलप्रश्न. 'घरचीं माणसें कशीं आहेत?' 'सुखरूप आहेत.' 'रात्र कशी गेली?' 'शांततेंत.' वाटेंत भेटणाऱ्या प्रत्येकाशीं हा पाठ म्हणावा लागतो, आणि तो पुरा होण्यापूर्वीं कामाची गोष्ट काढणें हा असभ्यपणा ठरतो. घड्याळाकडे पाहून चालणाऱ्या तरुणास हें पहिल्यानें कालहरण वाटतें. पुढें त्याच्या ध्यानीं येतें कीं, ज्यानें आपली विचारपूस केली नाहीं, त्याचा खताविषयींचा उपदेश कोणीहि ऐकत नाहीं.

दुपारचें मुख्य जेवण 'चेबु जेन', म्हणजे मासे, भाज्या व तांदळाच्या कण्या यांचा शिजविलेला भात. युनेस्कोनें २०२१ मध्यें ह्या पदार्थाची जागतिक सांस्कृतिक वारशांत नोंद केली. एका मोठ्या परातीभोंवतीं पांचसात जणांनीं बसून तो खावयाचा असतो. उष्ट्याखरकट्याचा बारीक विचार करणाऱ्या आपल्या घरांस हें चमत्कारिक वाटेल. पण त्या परातींतहि मर्यादा असते. प्रत्येकानें आपल्या समोरचाच भाग खावा, पलीकडे हात घालूं नये, आणि डावा हात अन्नास लावूं नये. माशाचे व भाज्यांचे चांगले तुकडे मध्यभागीं ठेवलेले असतात. घरची बाई ते हातानें मोडून पाहुण्यापुढें टाकीत राहते. 'पुरें' म्हटलें तरी तिचा हात थांबत नाहीं.

ह्या मायेचा कधीं कधीं जाचहि होतो. स्वतंत्र खोलींत वाढलेला तरुण दार लावून पुस्तक घेऊन बसला, कीं बाहेर काळजी सुरू होते: बरें नाहीं काय? कोणी दुखविलें काय? एकांत हें त्याच्या देशीं सुख. येथें तें दुखण्याचें लक्षण. ही ओढाताण आपल्याकडील नव्या सुनेस पुरी ठाऊक आहे. तिला मात्र दोन वर्षांनीं परत जावयाचें नसतें.

सुनेचा विषय निघाला, म्हणून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्वयंसेवक खर्चासाठीं दरमहा कांहीं रक्कम देतो. परंतु जी पाणी भरते, सर्पण आणते, पाळीच्या दिवशीं सर्व आवाराचा स्वयंपाक करते आणि तापांत त्याच्या उशाशीं बसते, तिच्या श्रमांचें नांव 'सेवा' म्हणून कोणत्याच अहवालांत येत नाहीं. तो लावून गेलेलीं झाडें मोजलीं जातात. तिच्या पराती कोण मोजणार? आपल्या स्वयंपाकघरांतील जमाखर्चहि असाच राहून गेलेला नाहीं काय?

संध्याकाळीं हिरव्या चहाच्या तीन फेऱ्या होतात. पहिला पेला कडवट, पुढचे उत्तरोत्तर गोड. तिसरा हातीं येईपर्यंत तास सहज उलटतो. ह्या बैठकींतच नवागत भाषा शिकतो. 'माणसाचें औषध माणूस' ह्या अर्थाची वोलोफ म्हण तो ऐकतो ती बहुधा येथेंच.

मुदत संपते. निरोपाच्या वेळीं मात्र एक विलक्षण प्रकार घडतो. जो डावा हात परातीपाशीं निषिद्ध, तोच आतां सर्वजण पुढें करितात. लांबच्या प्रवासास निघालेल्यास डावा हात द्यावयाचा. कारण ही झालेली चूक सुधारण्यासाठीं त्याला परत यावेंच लागतें! उंबऱ्यावर 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणणाऱ्या आपल्या मंडळींस ह्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.