मोठी मोटरसायकल : घेणे सोपे, पाळणे अवघड

मागील काही वर्षांत आमच्या ओळखीच्या चार-पाच व्यापाऱ्यांनी मोठ्या मोटरसायकली घेतल्या. त्यांपैकी दोघांनी वर्षाच्या आत त्या तोट्यात विकूनही टाकल्या. कारण विचारले तर दोघांचे उत्तर एकच होते, "गाडी चांगली होती, पण परवडली नाही." आमच्या मते गाडी परवडली नाही असे नसून, घेण्यापूर्वी तिचा हिशोब केला गेला नाही. हा हिशोब आम्हीही उशिराच शिकलो आणि त्याची किंमतही मोजली. म्हणून हा तजुर्बा व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही कापडाचे व्यापारी. दुकान बीडला, माल सोलापूर, इचलकरंजी आणि मालेगावचा. तरुणपणी एम-८० च्या मागे गठ्ठा बांधून आम्ही आठवडी बाजार केले. पुढे मालासाठी ट्रान्सपोर्ट झाले, पण नमुने पाहणे, भाव ठरवणे आणि उधारी वसूल करणे ही कामे स्वतः गेल्याशिवाय होत नाहीत. बीडहून सोलापूर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी जाऊन रात्री परत यायचे तर लहान गाडीवर कंबर मोडते. म्हणून सहा वर्षांपूर्वी चारशे सीसीच्या वर्गातील एक जुनी गाडी आम्ही घेतली.

ही गाडी कोणत्या जातीची?

मोटरसायकलींत शर्यतीच्या धाटणीची गाडी वेगळी आणि लांबच्या प्रवासाची जड गाडी वेगळी. पहिलीवर माणूस पुढे वाकून बसतो, मनगटे भरून येतात. दुसरी आरामशीर, पण वळणावर सुस्त. या दोहोंच्या मधली जात म्हणजे स्पोर्ट टुरर. इंजिन जोरकस, बैठक बऱ्यापैकी सरळ, समोर वारा अडवणारी काच, टाकी मोठी आणि सामान बांधण्याची सोय. १९७६ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर १०० आरएस ही गाडी काढली. तिचे पुढचे आवरण वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बनवले होते. या जातीची सुरुवात बहुधा तिच्यापासूनच सांगितली जाते. आपल्याकडे २००३ साली आलेली हिरो होंडाची करिझ्मा आणि २००७ ची बजाजची पल्सर २२० या गाड्यांनी सामान्य माणसाला लांबच्या प्रवासाची गोडी लावली. डिसेंबर २०१६ मध्ये बजाजने डॉमिनार ४०० बाजारात आणली. तिची बांधणी आपल्याच महाराष्ट्रात, चाकणला झाली.

या गाड्या वाईट नाहीत. चौपदरी महामार्गावर ताशी ८० च्या वेगाने इंजिन शांत चालते, ट्रक ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही. मात्र जी गाडी जोर जास्त देते ती देखभालही जास्त मागते. एम-८० ने आमचे हलगर्जीपण वर्षानुवर्षे माफ केले. या गाडीने ते एकदाही माफ केले नाही.

कपिलधारच्या वाटेवर काय घडले

बीडपासून विसेक किलोमीटरवर, मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. तेथे धबधबा आहे आणि मन्मथ स्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. यात्रेतील काही दुकानदार टॉवेल, पंचे आणि चादरी आमच्याकडून नेतात. २०२२ च्या यात्रेच्या आदल्या दिवशी आमचा भाचा राहिलेला माल पोहोचवण्यासाठी मोठी गाडी घेऊन निघाला. मागच्या सीटवर ४० किलोचा गठ्ठा उंच बांधलेला होता.

गाडीची चेन महिनाभरापासून खडखड वाजत होती. मेकॅनिकने चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चक्रे, एकदम बदलायला सांगितले होते. खर्च पाच-सहा हजारांचा होता. "यात्रा होऊ द्या, मग पाहू," असे आम्हीच म्हटले. कपिलधारच्या वळणावर उतारात गाडी खड्ड्यात आदळली, ढिली चेन दात्यांवरून निसटून अडकली आणि मागचे चाक जागच्या जागी थांबले. गाडी आडवी झाली. समोरून यात्रेकरूंची एक दिंडी येत होती. अल्लाहची मेहेरबानी की गाडी त्यांच्यापासून अलीकडेच थांबली. त्याच लोकांनी भाच्याला उचलले, विखुरलेले टॉवेल गोळा केले आणि जीपमध्ये बसवून दिले. भाच्याचा घोटा मोडला, सहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये राहिला. वाचवलेल्या पाच-सहा हजारांच्या बदल्यात दवाखाना, गाडीची दुरुस्ती आणि हातचा हंगाम मिळून किती गेले, ते आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. पण दिंडीतल्या म्हाताऱ्या माणसांचे चेहरे आठवले की वहीतला आकडा लहान वाटतो.

त्या दिवसापासून आम्ही या गाडीची देखभाल दुकानाच्या हिशोबाप्रमाणे ठेवतो.

चेन

दर ५०० किलोमीटरला, आणि पावसात भिजल्यावर लगेच, चेन साफ करून तिला चेनचेच वंगण द्यावे. आजच्या मोठ्या गाड्यांच्या चेनीत कड्यांमध्ये बारीक रबरी वलये असतात. आतले ग्रीस तीच टिकवतात. पेट्रोलने धुतल्यास किंवा तारेच्या ब्रशने घासल्यास ही वलये खराब होतात. चेनची ढील गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापातच ठेवावी. बहुतेक गाड्यांना ती अडीच-तीन सेंटीमीटर असते. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी ढील तपासावी, कारण झिजलेली चेन एका जागी ताठ तर दुसऱ्या जागी सैल असते. फार ताठ चेनही वाईट. माणूस व सामान बसल्यावर ती आणखी ताणते आणि बेअरिंग खाते. स्प्रॉकेटचे दाते माशाच्या गळासारखे वाकलेले दिसले तर चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकणे म्हणजे विरलेल्या कापडाला नवे ठिगळ लावणे होय.

तेल आणि पाणी

मोटरसायकलचे इंजिन, गिअर आणि क्लच एकाच तेलात बुडालेले असतात. कारच्या इंजिनाचे निसरडे तेल टाकले तर क्लच घसरू लागतो. तेलाच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असा शिक्का पाहावा आणि पुस्तकातीलच प्रत घ्यावी.

या वर्गातील अनेक गाड्यांना रेडिएटर असतो. त्यात बोअरचे पाणी कधीही टाकू नये. आपल्या मराठवाड्यातील बोअरचे पाणी जड. घरच्या किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिन तापते. तयार कूलंटच टाकावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते.

ब्रेक आणि घाट

ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून गाडी थोडी चालली तरी ते दर दोन वर्षांनी बदलावे. ओलावा धरलेले तेल लांबच्या उतारावर, सतत ब्रेक दाबल्याने तापून उकळते, त्यात वाफ होते आणि ब्रेक ऐन वेळी पोकळ लागतो. सोलापूरहून परतताना मांजरसुंब्याचा घाट उतरावा लागतो. तेथे आधीच खालच्या गिअरमध्ये यावे आणि इंजिनाला गाडी रोखू द्यावी.

पेट्रोल वाचवण्यासाठी घाटात न्यूट्रल करून गाडी सोडण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत तिचा फायदाही नाही. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा जवळपास बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. म्हणजे धोकाही पत्करायचा आणि पेट्रोलही घालवायचे.

टायर आणि ओझे

टायरची हवा आठवड्याला, थंड असताना तपासावी. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३२१ असेल तर टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर सुटते.

ओझे उंच बांधले की गाडीचे तोंड हलके होते आणि हँडल डुलू लागते. आमच्या भाच्याच्या बाबतीत हीच दुसरी चूक होती. नमुन्यांचे ओझे दोन्ही बाजूंना, खाली आणि सारख्या वजनाचे असावे. माणूस व सामान मिळून किती वजन चालेल ते पुस्तकात दिलेले असते. गठ्ठे नेण्यासाठी ट्रान्सपोर्ट आहे, मोटरसायकल नमुन्यांसाठी आहे.

जुनी गाडी घेताना

व्याजाचा हप्ता नको म्हणून आम्ही जुनी गाडी घेतली. जुनी गाडी घेण्यात गैर काही नाही, पण कागद पाहूनच घ्यावी. नावावर करण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. गाडीवर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ व बँकेचे ना हरकत पत्र आधी घ्यावे. थकलेले ई-चलन तपासावे. १२५ सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर दोष लपवण्यासाठी काढून टाकला असण्याची शक्यता आहे.

नवी घेणाऱ्यांनी कराकडे लक्ष द्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर जीएसटी १८ टक्के झाला, तर त्यावरील गाड्यांवर ४० टक्के. दुकानाच्या नावे गाडी घेतली तरी तिच्यावरील जीएसटीचे इनपुट क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही. या गैरसमजात अनेकजण फसतात. आयकरात धंद्याच्या वापराच्या गाडीवर १५ टक्के घसारा मिळतो, मात्र रक्कम बँकेमार्फत दिलेली असावी. दिवसाला १०,००० रुपयांवर रोख दिलेली रक्कम त्यासाठी धरली जात नाही. बाकी आपल्या कर सल्लागाराला विचारावे. विम्यातही फरक पडतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १५० ते ३५० सीसीच्या गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा १,३६६ रुपये, तर ३५० वरील गाडीचा २,८०४ रुपये होता.

वहीतला खरा भाव

आमच्या गाडीचे एका वर्षाचे १२,००० किलोमीटर झाले. पेट्रोलला सुमारे ४४,००० रुपये लागले. तेल, टायर, चेन, ब्रेक, विमा आणि मजुरी मिळून २६,००० गेले. गाडीची किंमत उतरली ती १८,००० धरली. एकूण ८८,००० झाले, म्हणजे किलोमीटरला सव्वासात रुपयांहून थोडे अधिक. आम्ही पूर्वी फक्त पेट्रोल मोजून पावणेचार रुपयांच्या आत समजत होतो. खरा खर्च पेट्रोलच्या दुप्पट निघाला. ज्यांनी गाड्या विकल्या, त्यांनीही पेट्रोलच मोजले होते.

म्हणून आम्ही आता पेट्रोल भरले की किलोमीटरला तीन रुपयांप्रमाणे वेगळ्या डब्यात टाकतो. चेन वाजू लागली की पैसे तयार असतात आणि "मग पाहू" म्हणण्याची वेळ येत नाही. ज्याला महिन्यातून एक-दोनदाच सोलापूरला जायचे आहे, त्याला एसटीच बरी. ज्याची महिन्याला हजार किलोमीटरची फिरस्ती आहे आणि वेळेला किंमत आहे, त्याने ही गाडी जरूर पाहावी.

कारागिरांसाठी एक गोष्ट

या गाड्यांमुळे कामही निर्माण झाले आहे. कार्बोरेटर उघडून साफ करण्यात उस्ताद असलेल्या आमच्या मेकॅनिक बांधवांनी इंजेक्शन, एबीएस आणि दोष शोधणारे स्कॅनर यंत्र शिकून घेतले पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक मोठ्या शहरात जाईल. त्याचप्रमाणे बाजूला लावायच्या पिशव्या बाजारात महाग मिळतात. जाड कॅनव्हास, आत ताडपत्री आणि दुहेरी शिलाई, यात आपल्या शिलाई कारागिरांना न जमणारे काही नाही. आमची जोडी गल्लीतल्या एका कारागिराने शिवली. चार पावसाळे झाले, आतला नमुना अद्याप भिजला नाही.

गाडी चालवणाऱ्या मुलाला चावी देताना हेल्मेट घातले का, हे आपण विचारतोच. त्याच वेळी वाकून एकदा चेनला बोट लावून पाहावे. हा अर्ध्या मिनिटाचा वेळ आम्ही त्या दिवशी काढला नव्हता.