शौचालयातील मूक गळती : शोध आणि उपाय

तामिळनाडूतील तंजावर हे शहर कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसले आहे. कावेरीची उत्तरेकडील शाखा असलेली कोल्लिडम नदी हा शहराच्या पाणीपुरवठ्याचा मोठा आधार आहे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वर मंदिरालगतच्या शिवगंगा तलावातील साठ्याचा उपयोग जुन्या काळी शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी होत असे. पाणी साठवून जपून वापरण्याची परंपरा असलेल्या या शहरातही घरातील एक गळती सहसा दुर्लक्षित राहते. ती म्हणजे फ्लशच्या टाकीतून होणारी संथ गळती.

नळाची तोटी ठिबकू लागली तर ती दिसते व ऐकूही येते. फ्लशच्या टाकीतील पाणी मात्र कमोडच्या मागील भिंतीवरून पातळ थराने उतरते आणि थेट मलवाहिनीत जाते. जमीन कोरडीच राहते आणि आवाजही होत नाही. गच्चीवरील टाकी सकाळी अनपेक्षितपणे रिकामी आढळणे, पंप वारंवार चालवावा लागणे किंवा कोणीही वापर केलेला नसताना फ्लशच्या टाकीत पाणी भरल्याचा क्षीण आवाज येणे, ही या गळतीची लक्षणे होत.

गळती किती मोठी?

पाव तासात ६०० मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन पेले पाणी वाया जात असेल, तर ताशी २.४ लिटर आणि दिवसाला सुमारे ५८ लिटर पाणी नष्ट होते. वर्षाचा हिशेब २१ हजार लिटरवर जातो. एक हजार लिटरच्या २१ टाक्या भरतील एवढे हे पाणी आहे. मलवाहिन्यांची सोय असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर पाणीपुरवठा हे केंद्र सरकारचे प्रमाण आहे. त्याच्याशी तुलना केल्यास एका व्यक्तीच्या वाट्याचे दोन पंचमांशाहून अधिक पाणी या एकाच छिद्रातून निघून जाते. तामिळनाडूने २००३ मध्ये इमारतींवर पर्जन्यजलसंधारण सक्तीचे केले. छपरावरील पाऊस साठवणाऱ्या घरातच साठवलेले पाणी असे वाहून जावे, हा विरोधाभासच म्हणावा लागेल.

दोन चाचण्या

पहिली चाचणी रंगाची. टाकीचे झाकण काढून आतील पाण्यात खाद्यरंगाचे काही थेंब टाकावेत आणि अर्धा तास फ्लशचा वापर करू नये. त्यानंतर कमोडच्या पाण्यात रंग उतरलेला दिसल्यास टाकीतून गळती होत आहे, हे निश्चित समजावे.

दुसरी चाचणी पातळीची. टाकीतील पाण्याच्या पातळीवर आतील बाजूस पेन्सिलीने खूण करावी, टाकीकडे येणाऱ्या नळीवरील अँगल कॉक बंद करावा आणि पाव तास थांबावे. पातळी खाली गेली, तर मापाच्या भांड्याने पाणी ओतून ती पुन्हा खुणेपर्यंत आणावी. जेवढे पाणी ओतावे लागले तेवढी पाव तासाची गळती होय.

निदान आणि दुरुस्ती

पातळी घटली आणि कमोडमध्ये रंगही दिसला, तर दोष बहुधा टाकीच्या तळाशी असलेल्या फ्लश झडपेच्या रबरी वॉशरमध्ये असतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षारांचा थर वॉशरखाली साचला की झडप पूर्ण बसत नाही. टाकी रिकामी करून झडप बाहेर काढावी आणि वॉशर व त्याची बैठक व्हिनेगर लावलेल्या मऊ फडक्याने पुसावी. रबर ताठरले किंवा वाकले असल्यास त्याच मापाचा नवा वॉशर बसवावा. फ्लशचे बटण अडकून राहत नाही ना, हेही पाहावे. टाकीत टाकावयाच्या क्लोरीनयुक्त वड्यांमुळे रबर लवकर खराब होते. त्या टाळणे हितावह आहे.

अँगल कॉक बंद असताना पातळी स्थिर राहते, परंतु तो उघडताच पाणी मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडापर्यंत चढून आत सांडते, असे आढळल्यास दोष तरंगत्या गोळ्याच्या झडपेत आहे. गोळा खाली आणून पाणी नळीच्या तोंडापासून दोन ते तीन सेंटिमीटर खाली थांबेल अशी जुळणी करावी. तरीही पाणी थांबत नसेल, तर ती झडप बदलावी.

पातळी घटूनही कमोडमध्ये रंग दिसत नसेल, तर टाकीचे बोल्ट, जोडनळी आणि टाकीला गेलेला तडा तपासावा. जमीन कोरडी पुसून कमोडभोवती वर्तमानपत्र पसरल्यास ओल नेमकी कोठून येते, ते कळते. केवळ फ्लश केल्यानंतरच कमोडच्या बुडाशी पाणी दिसत असेल, तर तो मलवाहिनीच्या सांध्याचा दोष असतो. हे पाणी दूषित असल्याने अशा वेळी प्लंबरला बोलावणेच योग्य. हाच नियम खालच्या मजल्याच्या छतावरील डागालाही लागू होतो. वापरानंतरच ओल वाढत असेल तर निचऱ्याच्या वाहिनीची, आणि ती सतत असेल तर पाणीपुरवठ्याच्या नळीची शक्यता प्रथम तपासावी.

रचनेचा प्रश्न

जुन्या पद्धतीच्या सायफन टाकीत पाण्याला वाकलेल्या नळीच्या माथ्यावरून चढूनच बाहेर पडावे लागते. त्यामुळे त्या मार्गाने संथ गळती होत नाही. ब्रिटनमध्ये अशी सायफन रचना दीर्घकाळ बंधनकारक होती. २००१ पासून झडपेच्या टाक्यांना परवानगी मिळाली आणि त्यानंतर गळक्या टाक्यांचा प्रश्न तेथेही उद्भवला. झडपेची टाकी दोन बटणांमुळे प्रत्येक वापरात पाणी वाचवते, मात्र ही बचत रबरी वॉशर सुस्थितीत असेपर्यंतच टिकते.

दुरुस्ती होईपर्यंत रात्री आणि घराबाहेर पडताना अँगल कॉक बंद ठेवावा. सेप्टिक टाकी असलेल्या घरांत ही दक्षता विशेष महत्त्वाची आहे, कारण सतत वाहणाऱ्या पाण्याने शोषखड्डा ओला राहून निचरा मंदावतो. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आरंभी आणि पावसाळ्यानंतर, रंगाची चाचणी घेतल्यास ही गळती वेळीच लक्षात येते. त्यासाठी खाद्यरंगाचे काही थेंब आणि अर्ध्या तासाची प्रतीक्षा पुरेशी आहे.